जुना यजमान काढून टाका

“माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या घरात माशीसुद्धा आत येत नाही! इंटरनेट तर काय, तारेतून येणार. बघतोच कसं काही गडबड करतं ते!” तपासनिसांनी चहाचा कप बशीत आपटून जाहीर केलं.

तपासनीस म्हणजे विमा कंपनीतले दाव्यांचे तपासनीस. कोणाची गाडी ठोकली, कोणाचं दुकान जळलं, की भरपाई द्यायच्या आधी कंपनी यांना पाठवते. हे जातात, जळक्या भिंतीचा वास घेतात आणि मालकाला शांतपणे विचारतात, “आगीच्या आदल्याच दिवशी टीव्ही बहिणीकडे नेऊन ठेवायची बुद्धी कशी झाली?” ऑफिसात त्यांना शंकासुर म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. पहिल्यांदा कोण म्हणालं, याचा तपास अजून चालू आहे.

हा धंदा बुटांबरोबर दाराशी काढून ठेवता आला असता, तर घरच्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण नाही! दूध उतू गेलं तरी तपासनीस आधी गॅसकडे बघायचे, मग पातेल्याकडे, आणि मग सावकाश बायकोकडे.

बायको भाषांतरं करायची. पूर्वी औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले ते बारीक अक्षरातले कागद करायची. गेली दोन वर्षं मात्र ती एका मोठ्या कामात होती. लिनक्स नावाची कंप्युटरची प्रणाली असते. तिच्यातली सगळी बटणं, याद्या, सूचना, धमक्या मराठीत आणायचं काम एक गट हौसेनं करत होता, त्यात ही होती. गटाचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींचा नियम कडक होता: गटात कामाबद्दल बोलताना इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही, फोनवरसुद्धा नाही! चुकून गेलाच, तर त्या दिवसाचं सगळं काम पहिल्यापासून परत वाचायचं.

आणि आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाच्या आत बायकोच्या वाटचं काम गुरुजींकडे पोचलं नाही, तर यंदाच्या आवृत्तीतून मराठी गळणार आणि पुढच्या वर्षापर्यंत वाट बघत बसणार. दोन वर्षं भाज्या करपवून केलेलं काम! बरं, फाईल सीडीवर घालून दुसरीकडून पाठवावी, तर तेही नाही. पाठवायची किल्ली, म्हणजे तिची ओळख पटवणारी गुप्त खूण, फक्त घरच्या त्या एका कंप्युटरात होती. टेलिफोनच्या तारेवरचं जुनं इंटरनेट होतं, ते तपासनिसांनीच गेल्या महिन्यात बंद करवलं होतं. जोडताना त्यातून किर्र, घुर्र असे आवाज यायचे. “दोघं जण बोलतायत,” ते म्हणाले होते, “आणि मला कळू नये अशा भाषेत बोलतायत!”

हे सगळं, म्हणजे गट, गुरुजी, सहाची मुदत, बायकोनं नवऱ्याला वेळोवेळी सांगितलं होतं. पण तपासनिसांचा स्वभाव असा, की लपवलेलं त्यांना लगेच ऐकू येतं, सरळ सांगितलेलं येत नाही.

“अहो, एक विचारू?” चहा पिता पिता बायको म्हणाली. “होस्टला यजमान कसं वाटतं?”

“हं?”

“म्हणजे जाळ्यात जोडलेला जो कुठला कंप्युटर असतो ना, त्याला होस्ट म्हणतात. आम्ही त्याला यजमान केलंय. गटातल्या दोघींना पटत नाही. त्या म्हणतात, गैरसमज होतील. तुम्हाला काय वाटतं?”

तपासनीस तेव्हा खिडकीतून खाली बघत होते. खांद्यावर तारेचं वेटोळं टाकलेला एक माणूस रस्त्यात उभा राहून इमारतीकडे मान वर करून बघत होता.

“हं. चालेल,” ते म्हणाले. “तो माणूस बघ आधी! खिडक्या मोजतोय!”

तो नवं इंटरनेट जोडायला आलेला केबलवाला होता.

दारातच तपासनिसांनी त्याला अडवलं. “ओळखपत्र?”

केबलवाल्यानं गळ्यातलं पुढे केलं.

“यात मिशी आहे.”

“काढली, साहेब.”

“का?”

“लग्न झालं ना. बायकोला नको होती.”

“म्हणजे बायको म्हणाली की तू ओळख बदलतोस!” तपासनीस म्हणाले. “ये आत. पण दोन्ही हात दिसतील असे ठेव.”

केबलवाल्यानं गच्चीवरून तार आणली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, आणि तारेच्या टोकाला एक काळी डबी लावली. तिला मोडेम म्हणतात, असं त्यानं सांगितलं. डबीवर हिरवे दिवे होते. एक सारखा लुकलुकत होता.

“आता कंपनीकडून पत्ता आला की झालं काम,” केबलवाला म्हणाला.

“कोणाचा पत्ता?”

“तुमचा, साहेब.”

“माझा पत्ता मला कंपनी देणार? मी या घरात लग्नाच्या आधीपासून राहतोय!”

केबलवाल्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं आढ्याकडे बघितलं. मग तो बेडरूममध्ये खिडकीपाशी ठेवलेल्या तिच्या कंप्युटरपुढे बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे काय लिहिलंय, ताई? ‘जाळे व्यवस्थापक’? ‘संरचना’?”

“मराठी आहे,” बायको जरा ताठ होऊन म्हणाली.

“वाचता येतंय हो. कळत नाहीये! डाव्या कोपऱ्यातलं नेहमीचं बटण कुठाय?”

“हे लिनक्स आहे.”

“आमच्याकडे हे नाही चालत,” केबलवाला चटकन उठला. जणू खुर्चीच तापली होती! “दुसरा एखादा साधा नाही का घरात?”

तपासनिसांनी कुलपाच्या कपाटातून ऑफिसचा लॅपटॉप काढून आणला. जुना होता, चालू व्हायलाच एक चहा लागायचा. पण केबलवाल्यानं त्याला तार जोडली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत इंटरनेट उघडलं!

“चालू! करा सही!” केबलवाला म्हणाला, आणि सही सुकायच्या आत शीळ घालत जिना उतरूनही गेला.

“शीळ का घालत होता?” तपासनिसांनी विचारलं.

“काम झालं म्हणून,” बायको म्हणाली. “आणा ती तार इकडे.”

तिनं तार लॅपटॉपमधून काढली, आपल्या कंप्युटरला लावली, काहीतरी टाइप केलं आणि वाट बघितली. काही नाही! परत केलं. परत काही नाही. डबीवरचा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

“जोडलंच जात नाहीये,” ती म्हणाली. तिचा आवाज थोडा बारीक झाला होता. “जरा ती डबी बंद करून—”

“हात लावू नकोस!” तपासनीस तिच्या आणि डबीच्या मधे उभे राहिले. “घटनास्थळावरची वस्तू जागची हलवायची नसते! मी आहे ना. संध्याकाळच्या आत हे प्रकरण उलगडलं नाही, तर नाव बदलेन!”

त्यांनी शिवणाच्या डब्यातला शिंप्याचा खडू आणला आणि डबीभोवती टेबलावर रेघ ओढली. मग खुर्ची घेऊन ते तिच्यासमोर बसले. डबी लुकलुकली. ते एकटक बघत राहिले. ती लुकलुकतच राहिली. ते उठून बाहेर गेले आणि एकदम दारातून डोकावले.

“बघ! मी नसतानाही डोळा मिचकावते! कोणाला मिचकावते?”

“अहो, पुढे काय करायचं?”

तपासनिसांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरीच गाणी ऐकून झाल्यावर एक मुलगी आली.

“सर, कोणती सिस्टिम वापरता?”

“ते तुम्हाला कशाला हवंय?”

“त्याशिवाय मदत नाही करता येणार, सर.”

“लिनक्स,” तपासनीस शेवटी हळूच म्हणाले.

“कोण, सर?”

“लिनक्स! माझ्या मेहुण्यानं बसवलंय. फुकट मिळतं. फुकट का देतात, असं मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. तर म्हणाला, याचं आतलं सगळं उघडं असतं, कोणीही बघावं. मी म्हटलं, तू बघितलंस? म्हणाला, मी नाही बघितलं. मग कोणी बघितलं?”

“सर, ती सिस्टिम आमच्याकडे सपोर्टेड नाही.”

“म्हणजे जे झाकलेलं आहे ते तुमच्याकडे चालतं, आणि जे उघडं आहे ते चालत नाही! यात तुम्हाला काहीच वावगं वाटत नाही?”

“सर, आणखी काही मदत करू शकते का?”

‘आणखी’ या शब्दावर तपासनीस बोलायला तोंड उघडणार, तोवर फोन बंद झाला होता.

बायकोनं घड्याळाकडे बघितलं. दुपार कलली होती. तिनं काहीतरी ठरवलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही जरा भाजी घेऊन येता का? मोकळ्या हवेत डोकं चालेल.”

तपासनीस पिशवी घेऊन निघाले. एक मजला उतरेपर्यंत त्यांना काही वाटलं नाही. दुसरा उतरताना पाय अडखळला. बायकोनं आपणहून बाहेर पाठवलं. गोड आवाजात! ज्या दुकानदाराचं दुकान स्वतःच पेटवलेलं असतं, तोच ‘साहेब, आधी काहीतरी थंड घ्या’ म्हणतो. तपासनिसांनी चपला हातात घेतल्या, जिना परत चढले, कुलपात किल्ली आवाज न करता फिरवली आणि भिंतीला धरून बेडरूमच्या दारापर्यंत गेले.

आत बायको फोनवर बोलत होती.

“काय सांगू, गुरुजी! सकाळपासून यजमानानं डोकं उठवलंय नुसतं.”

तपासनीस दाराशी गोठले. कोण गुरुजी? आणि यजमान म्हणजे तर आपणच! यजमान म्हणजे नवरा, हे लहान पोरालाही कळतं. आपण डोकं उठवलं, इथपर्यंत ठीक होतं; तशी तक्रार त्यांच्या कानावर याआधीही आली होती. पण ‘यजमानांनी’ नाही. ‘यजमानानं’! एकेरी!

“नाही नाही, जुना यजमान चालतो तसा,” बायको पुढे म्हणाली. “पण फार हळू हो! एकेका गोष्टीला ताटकळायला लावतो. मला नव्याच्याच बरोबर काम करायचंय. दोन वर्षं झाली, सवय झालीय त्याची.”

तपासनिसांच्या हातातली एक चप्पल पडणार होती, ती त्यांनी गुडघ्यावर झेलली.

“हो, माझ्या भावानंच बसवून दिला. इतका सरळ आहे, गुरुजी! आतून सगळा उघडा. मनात एक आणि बाहेर एक, असं नाहीच.”

मेहुणा! सख्खा मेहुणा! आत्ता गेल्या आठवड्यात जेवून गेला, दोनदा वाढून घेतलं!

“दोन यजमान एकदम नाही ठेवता येत? एकच? अस्सं. म्हणजे त्या जुन्यालाच मनात धरून बसलंय, म्हणून नव्याला जवळ येऊ देत नाही. बरं बरं. मग जुना यजमान काढूनच टाकायचा म्हणता? अर्धा तास सगळं बंद ठेवलं की त्याचा विसर पडतो? इतक्या लवकर?”

अर्ध्या तासात! तपासनिसांना लग्नापासूनचं सगळं आठवलं. बायको आजारी असताना काढलेल्या रात्री, तिच्या आईला स्टेशनवर आणायला गेलो ते, परत सोडायला गेलो ते. त्याला अर्धा तास? त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

“हो गुरुजी, काहीही करून सहाच्या आत उरकते. नाही तर एक वर्ष गेलं. तुमच्याकडचाही यजमान यंदा नवाच आहे ना? चला, म्हणजे सगळीकडेच नवं!”

तपासनीस पाय न वाजवता मागे सरकले. डोक्यात नुसता गोंधळ उडाला होता. गुरुजी! म्हणजे लग्न लावणाऱ्यापर्यंत मजल गेली! आणि त्या गुरुजींच्याही घरी हेच चाललंय! पण हबकून बसेल तो तपासनीस कसला? त्यांनी धंद्यातली अक्कल चालवली. जे काय व्हायचंय ते सहाच्या आत, आणि सकाळपासून जो आटापिटा चाललाय तो या तारेसाठी. म्हणजे नवा माणूस जो कोणी आहे, तो या तारेतूनच ठरवाठरवी करणार. तार तोडली की डाव उधळला!

बायको स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, तेवढ्यात ते बेडरूममध्ये शिरले. सकाळी स्वतःच आखलेल्या खडूच्या रेघेत त्यांनी हात घातला, तारा उपटल्या, काळी डबी शर्टाच्या आत सारली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. डबी तापलेली होती, पोटाला चटका बसत होता. पण मन इतकं पोळलं होतं, की तो त्यांना जाणवलाही नाही.

बादली पालथी घालून ते तिच्यावर बसले आणि मोबाइलवरून मेहुण्याला फोन लावला. संशयिताला आपल्याला काय माहीत आहे ते सांगायचं नाही, हा त्यांचा नेहमीचा डाव.

“मला सगळं कळलंय,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“काय, भावजी? आवाज असा का घुमतोय?”

“तू जे बसवून दिलंस ना ताईला, ते!”

“ते होय! अहो, त्याला आता दोन वर्षं झाली. चांगला चालतोय ना?”

“तू मला विचारलं नाहीस!”

“विचारलं होतं, भावजी! तुमच्या देखतच बसवला. तुम्हीच म्हणालात, हरकत नाही, पण माझ्या डोळ्यासमोर राहिला पाहिजे!”

तपासनिसांना घाम फुटला. “कुठे... कुठे असतो तो?”

“कोण, तो? तुमच्याच बेडरूममध्ये, खिडकीपाशी! आणि ताईला सांगा, दिवसभर वापरून झाला की रात्री बंद करत जा. फार तापतो.”

तपासनिसांच्या हातून मोबाइल निसटून मोरीत पडला.

बाहेर बायकोची पावलं घाईघाईनं फिरत होती. कपाटं उघडत होती, बंद होत होती. “कुठे गेली ही? आत्ता तर इथे होती!” तिचा आवाज रडवेला झाला होता. “आत्ताच कशी नाहीशी झाली?” मग बराच वेळ काहीच आवाज नाही. तपासनीस बादलीवर बसून राहिले. शर्टातली डबी हळूहळू निवत गेली. अखेर त्यांनी ठरवलं, जो कोणी आहे त्याला समोरासमोर बघायचं. त्यांनी कडी काढली.

बायको खिडकीपाशी कंप्युटरसमोर डोकं धरून बसली होती. तपासनिसांनी तिच्याकडे न बघता पडदा एकदम बाजूला ओढला. मागे कोणी नव्हतं. पलंगाखाली वाकून बघितलं. एक जुनी बॅग आणि धूळ. कपाट उघडलं. स्वतःचेच शर्ट.

“भाजी पलंगाखाली मिळते?” बायकोनं विचारलं. “काय शोधताय?”

तपासनीस ताठ उभे राहिले. “यजमान!”

“मग लवकर शोधा!” बायको कळवळून म्हणाली. “मी सकाळपासून तोच शोधतेय! सापडतच नाहीये!”

आणि तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

पहिल्यांदा, त्या कंप्युटरनं घरात पाऊल टाकल्यापासून अगदी पहिल्यांदा, तपासनिसांनी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचलं. तांबड्या अक्षरात ओळ होती: ‘यजमान सापडला नाही.’ तिच्याखाली: ‘अनोळखी यजमान.’ आणि तिच्याखाली, जरा समजुतीच्या सुरात: ‘आधी स्थानिक यजमान तपासून पाहावा.’

“हे... हे काय आहे?”

“होस्ट नॉट फाउंड,” बायको म्हणाली. “सकाळी चहाच्या वेळी विचारलं नव्हतं का मी? होस्टला यजमान कसं वाटतं? तुम्ही म्हणालात, चालेल!”

“आणि जुना यजमान? जो हळू आहे?”

“तुमचा लॅपटॉप! केबलवाल्यानं आधी तो जोडला ना. ती डबी ज्याला पहिल्यांदा बघते त्यालाच धरून बसते म्हणे. तिला अर्धा तास बंद ठेवायची, मग ती विसरते आणि नव्याला—” बायको मधेच थांबली. “पण तुम्हाला कसं कळलं हे? तुम्ही ऐकत होतात?”

तपासनीस खडूच्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिले.

“आणि तुम्हाला वाटलं तरी काय?”

पडदा बाजूला ओढलेला, कपाट सताड उघडं, पलंगाखालून बॅग अर्धी बाहेर. बायकोनं एकेकाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती हसेल असं तपासनिसांना वाटलं होतं. ती हसली नाही.

“दोन वर्षं,” ती म्हणाली, “तुमच्या पलंगापासून दोन हातांवर बसून मी हे करतेय. आख्ख्या जगावर नजर असते तुमची. एकदा माझ्या स्क्रीनकडे बघितलं असतंत! आता सहा वाजत आले. डबी हरवली. सगळं गेलं.”

तपासनिसांनी आजवर शेकडो लोकांना कोंडीत पकडलं होतं. स्वतः पकडले गेल्यावर कुठे बघायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि शर्टाचं बटण काढलं. मग दुसरं. काळी डबी बाहेर आली.

बायको बघतच राहिली. “ही कधी काढलीत?”

“तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा.”

“म्हणजे अर्ध्या तासाच्या वर झालं?”

“बादलीवर बसून दोन्ही पायांना मुंग्या येऊन गेल्या.”

बायकोनं डबी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. गार पडली होती. तारा लागल्या. एक दिवा लागला, दुसरा लागला. तिसरा लुकलुकायला लागला, आणि तपासनिसांनी त्याला या वेळी काही विचारलं नाही. दोघांनीही श्वास रोखला होता. डबीच्या मनात आता कोणी नव्हतं. समोर पहिला आला तो लिनक्स. स्क्रीनवर ओळ उमटली: ‘पत्ता मिळाला.’

“मिळाला!” बायको ओरडली.

“माझा?”

“आपला!”

तिची बोटं भराभर चालायला लागली. फाईल निवडली, गुरुजींकडच्या कंप्युटरचं नाव घातलं. तोही यंदा नवा, याची-त्याची ओळख नाही. बटण दाबलं, आणि लिनक्सनं एक प्रश्न विचारला. बायकोनं तो मोठ्यानं वाचला.

“‘या यजमानाच्या खरेपणाची खात्री देता येत नाही. तरीही जोडून घ्यायचे आहे का? हो किंवा नाही.’”

आणि ती थांबली. खुर्ची हळूच वळवून तिनं नवऱ्याकडे बघितलं. उघड्या बटणांचा शर्ट, पोटावर डबीचा तांबडा ठसा, केसांत पलंगाखालची धूळ. पायापासून डोक्यापर्यंत आणि परत खाली.

“अगं, सहा वाजतायत! दाब ना!”

“थांबा हो. सही करण्याआधी नीट वाचावं, असं तुम्हीच म्हणता ना?”

“हे वाक्य... तू लिहिलंयस?”

“मागच्या वर्षी. तुम्ही दुधाच्या पातेल्यावरून माझी उलटतपासणी घेतलीत, त्या दिवशी.”

घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. तपासनिसांनी आयुष्यात इतक्या लोकांना उत्तरासाठी ताटकळत ठेवलं होतं, पण स्वतः ताटकळायची ही पहिलीच वेळ होती.

“यापुढे विचारीन,” ते एकदम म्हणाले. “म्हणजे उलटं नाही. सरळ. काय करतेयस, कसं चाललंय, असं. आणि उत्तर ऐकीन.”

बायकोनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग वळून एकच अक्षर टाइप केलं: हो.

फाईल सुटली. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली आणि सहाचा ठोका पडायच्या आत गुरुजींकडे सगळं रुजू झालं! बायकोनं दोन्ही हात वर केले आणि मग तोंडावर ठेवले. आता मात्र ती हसत होती, आणि थोडी रडतही होती. तपासनिसांनी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. धरताना तो स्वच्छ आहे का, हेही तपासलं नाही.

स्क्रीनवर खाली आणखी एक ओळ आली होती. तपासनीस वाकून, चष्मा वर करून वाचू लागले. “‘इशारा: हा यजमान ओळखीच्या यजमानांच्या यादीत कायमचा जोडला गेला आहे.’ कायमचा?”

“कायमचा,” बायको डोळे पुसत म्हणाली. “म्हणून तर आधी इशारा लिहिलाय.”

तपासनिसांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग घसा खाकरला.

“छान झालंय हो सगळं. अगदी छान. फक्त एक बारीकशी सूचना होती.”

“बोला.”

“‘जोडला गेला आहे’च्या ऐवजी ‘जोडले गेले आहेत’ असं नाही का करता येणार? म्हणजे, काही झालं तरी यजमान आहेत!”

बायकोनं वर घड्याळाकडे बघितलं.

“मुदत संपली. आता सूचना पुढच्या वर्षी.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत एकेरीच,” बायको म्हणाली. “आणि काय रे, भाजी कुठाय? जा, घेऊन ये!”

तपासनिसांनी शर्टाची बटणं लावली, पिशवी उचलली आणि निमूट निघाले. जिना उतरताना त्यांना का कोण जाणे, शीळ घालावीशी वाटली. पण कोणाला संशय यायचा, म्हणून घातली नाही.